पाच स्पीकर आणि नाक्यावरचा गाळा

नवरा कुवेतहून होम थिएटर घेऊन आला तेव्हा खोका रिक्षात मावेना, म्हणून रत्नागिरी स्टेशनवरून टेम्पो करावा लागला. आमच्या खाडीकाठच्या वाडीत टेम्पो आला की सगळे बाहेर येतात. शेजारीण कुंपणाच्या गडग्यावरून ओरडली, "काय गं, थेटर काढलंत? बायकांना तिकीट अर्धं ठेव हो!"

मी हसले. रजेवर येणारा माणूस साबण, सेंट आणि ब्लँकेटं आणतो. जड सामान आणतो तो कायमचा येणारा. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. शिवाय तो फोनवर स्वतःच म्हणाला होता, "आता बस झालं. करार संपला की येतो."

मी त्या वाक्यावर कामाला लागले होते. तो तिथे एका कंपनीत एसी दुरुस्त करायचा. नाक्यावर एक गाळा रिकामा होता. फ्रिज आणि एसी दुरुस्तीला चांगला. मालक माझ्या माहेरच्या ओळखीतले. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ईदपर्यंत थांबतो. त्यापुढे दुसऱ्याला देणार, मग नाराज व्हायचं नाही." मी गाळा झाडून काढला, भिंतीवरची बुरशी घासली, सामानाचं टेबल कुठे बसेल ते खडूने आखून ठेवलं. आता फक्त त्याने येऊन बघायचं राहिलं होतं.

पहिल्या रात्री जेवताना तो सासूबाईंना कंपनीच्या गोष्टी सांगत होता. "माझ्या जागी एक नवीन माणूस दिलाय, अम्मा. निघायच्या आधी सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावल्या, त्याच्याकडून दोनदा सगळं करून घेतलं. तसं नाही केलं तर सुट्टीत फोनवर फोन येतात."

सुट्टीत. शब्द मी ऐकला. इतक्या वर्षांची सवय, म्हणून सोडून दिला आणि त्याच्या ताटात अजून एक बांगडा वाढला.

दुसऱ्या दिवशी गाळ्याचं काढलं तर म्हणाला, "आधी हे लावून घेऊ. उघडं पडलंय सगळं." खोक्यातून एक मोठा डबा, एक त्याहून मोठा, जमिनीवर ठेवायचा, आणि पाच लहान स्पीकर निघाले. मग वायरींची भेंडोळी. त्याने टीव्हीसाठी मुद्दाम महागातली केबल आणली होती, बारीक सुयांच्या गोल तोंडाची.

"ही नाही लागणार," मी म्हटलं. "आपल्या टीव्हीला मागे फक्त पिवळं भोक आहे आणि पांढरं."

"तुला काय माहीत?"

"मी पुसते तो."

त्याने टीव्ही फिरवला. पिवळं आणि पांढरं. त्याने खरेदी केली होती ती तिथल्या त्याच्या खोलीतल्या टीव्हीच्या मापाने. त्या टीव्हीची पाठ त्याला तोंडपाठ होती. इथला टीव्हीही त्यानेच घेतलेला, पण त्याच्या मागे काय आहे हे बघण्याइतका तो इथे कधी राहिलाच नव्हता.

साध्या केबलसाठी रिक्षाने बाजारात गेलो. वाटेत नाका लागतो. मी म्हटलं, किल्ली पर्समध्ये आहे, उतरू या. तो म्हणाला, "उद्या. आज दुकान बंद होईल." येताना म्हणाला, अम्मा वाट बघत असेल.

मग मागच्या दोन स्पीकरांचं निघालं. त्यांच्या वायरी जमिनीवरून नेल्या तर सासूबाई अडकून पडतील, म्हणून भिंतीवरून न्यायच्या ठरल्या. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिऱ्यात खिळा मारला की लाल भुगा होऊन खिळा बाहेर. लाकडाच्या खुंट्या ठोकून त्याने वायर फिरवली. काम सुबक, यात वाद नाही. मी स्टुलाशेजारी उभी राहून खुंट्या देत होते आणि मनात म्हणत होते, गाळ्यातही असंच काम करेल.

सगळं जोडून झालं. दिवाणखान्यात आवाज घुमला. सासूबाई खुर्चीत दचकल्या. "पाच पाच डबे बोलायला लागले," त्या म्हणाल्या, "आता तू पण काय ते बोल. बायको रोज किल्ली घेऊन फिरत्ये."

"बोलतो, अम्मा," तो म्हणाला, आणि सगळ्या वायरी उपटून काढल्या.

मला वाटलं काही बिघडलं. तर तो पांढरी चिकटपट्टी घेऊन बसला आणि एकेका वायरीला चिठ्ठी लावू लागला. पुढचा डावा. पुढचा उजवा. मागचा डावा. टीव्ही, पिवळी. टीव्ही, पांढरी. मराठीत, मोठ्या अक्षरांत, माझ्यासाठी.

"वीज कडाडायला लागली की सगळं काढून ठेवायचं," तो म्हणाला. "मग परत लावायचं. लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यात. एक जरी उलटी झाली तर आवाज पोकळ येतो. घे, तू लाव. मी बघतो."

मी लावलं. मागचे दोन चुकले. त्याने न चिडता दाखवलं आणि म्हणाला, "आता परत एकदा. पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा लावताना माझ्या हातात पांढरी वायर होती तेव्हा मला कळलं. वायरींना चिठ्ठ्या, दोनदा करून घेणं. त्याच्या जागी नेमलेला नवीन माणूस मी होते.

मी वायर लावली आणि विचारलं, "तारीख कधीची आहे?"

त्याने विचारलं नाही कसली तारीख. "ईद झाली की आठवड्याने."

"आणि करार?"

"सही करून आलोय. आल्या आल्या सांगणार होतो, पण तू गाळ्याचं एवढं मनावर घेतलं होतंस…"

"म्हणून थेटर आणलंत."

"तुम्हाला करमणूक," तो म्हणाला.

सासूबाईंनी माळ उचलली आणि आतल्या खोलीत गेल्या. मी आवाज तपासून पाहिला. पोकळ नव्हता. सगळं बरोबर लागलं होतं.

किल्ली मी दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन देऊन आले. देण्याआधी गाळा एकदा उघडला. मी खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या; नव्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. आज तिथे मोबाइलचं दुकान आहे, बरं चालतं.

तो गेला. वैशाखात पहिली वीज कडाडली तेव्हा मी सगळं काढलं आणि आभाळ निवळल्यावर परत लावलं. एका झटक्यात लागलं. त्याचा फोन आला. "जमलं ना? बघ, मी म्हटलं होतं." आवाजात खरंच कौतुक होतं. त्याचाच राग जास्त आला.

पावसाळ्यात दमटपणाने चिठ्ठ्यांचा गोंद सुटला. गळून पडल्या तशा केरात टाकल्या. मला लागत नव्हत्या.

दोन वर्षांनी तो परत रजेवर आला. साबण, सेंट, ब्लँकेट. संध्याकाळी त्याने टीव्ही पुढे ओढला, काहीतरी काढून बघितलं आणि हातात वायर धरून स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, ही पांढरी कुठे होती? चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

माझे हात मासळीचे होते. "पांढऱ्यात," मी आतूनच म्हटलं, आणि पुढचा मासा घेतला.