डाव्या पुढच्या चाकाचा नट

हे मी सुमनलाही सांगितलेलं नाही, आणि सुमनशी माझं लग्न होऊन चौतीस वर्षं झाली. तुळजापूरला देवीसमोर उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा हे शब्द जुळवले नाहीत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर — खरं सांगू? — गाडीचं कौतुक सांगून, चहा पाजून मी तुम्हाला वाटेला लावलं असतं.

गाडीचं कौतुक मला छान जमतं. तिथूनच सुरुवात करतो, म्हणजे जीभ सैल होईल.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतून रिटायर झालो, मुरूमलाच राहतो. माझ्याकडं एक विलायती गाडी आहे — दोनच माणसांची, बुटकी, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. वयानं माझ्याएवढीच. सोलापुरात एका बंद बंगल्याच्या मागं ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मी बघितली आणि येडाच झालो. सुमन म्हणाली, कोंबड्या तरी कामाच्या आहेत. ट्रकवर घालून आणली.

आज तिच्यात बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर असतं. शेजारून जाणाऱ्या बैलाचं पोट डोळ्यांसमोर येतं. थंडीत लोहाऱ्याच्या रस्त्याला ती चौथ्या गिअरमध्ये पडली, की दोन्ही बाजूंनी हरभऱ्याचा आंबूस वास येतो, पेट्रोलचा येतो, तापलेल्या चामड्याचा येतो, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला एकट्यालाच हसू फुटतं. असं सुख मला दुसऱ्या कशानं मिळालेलं नाही.

पण ती उभी केली करीम मिस्त्रींनी. हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का? बघा, सवय जात नाही.

मिस्त्रींचं गॅरेज बाजाराच्या टोकाला. ट्रॅक्टर, पंपाची इंजिनं, जीप, हे त्यांचं रोजचं काम. ही गाडी आली तेव्हा ते पासष्टीचे असतील. तिच्या नटबोल्टांना आपल्याकडचे पाने बसत नाहीत, मापंच वेगळी. तर त्यांनी जुने पाने कानशीनं घासून घासून तिचा एक वेगळा संच केला. तिला दोन कार्बुरेटर आहेत आणि दोन्हींनी सारखा श्वास घ्यावा लागतो. तो ऐकायला मिस्त्रींनी माझा म्हशीच्या पोटाला लावायचा स्टेथोस्कोप मागून घेतला, आणि कानाला लावून असे डोळे मिटले की मला हेवा वाटला. सहा वर्षं गेली. सहा वर्षांत माझी त्यांची इतकी गट्टी जमली की मी त्यांना चाचा म्हणायला लागलो. ते मात्र शेवटपर्यंत डॉक्टरसाबच म्हणत राहिले.

आता चाकांचं. तिचं प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटावर बसतं. नटाला दोन पंख असतात आणि तो पान्यानं नाही, हातोडीनं ठोकून आवळायचा. लोखंडी हातोडीनं नट फुटतो, म्हणून मिस्त्रींनी जळालेल्या मोटारींच्या वायंडिंगचं तांबं वितळवून हातोडी बनवली होती. नट ढिला आहे तोवर ठोका बद्द वाजतो. घट्ट बसला की आवाज खणखणीत होतो. तसा तो झाला की मिस्त्री हात थांबवायचे आणि माझ्याकडं बघून विचारायचे, "ऐकलं का?" मी "ऐकलं" म्हटलं की मगच पुढच्या चाकाकडं. हे फक्त माझ्या गाडीचं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यांनाही ते इंजिन चालू करून दाखवायचे, आवाज ऐकवायचे, आणि गिऱ्हाईकाच्या तोंडून "ऐकलं" आल्याशिवाय गाडी दारातून हलू द्यायचे नाहीत. लोक चेष्टा करायचे. मीही करायचो.

माकणीला सुमनच्या भाचीचा साखरपुडा होता. मी ठरवलं, हीच गाडी न्यायची. नटांना सोलापूरहून क्रोमचा मुलामा देऊन आणला होता, आरशासारखे चमकत होते. आदल्या दिवशी मिस्त्रींनी चारही चाकं काढली, आत ग्रीस लावलं, परत बसवली, ठोकली. चार वेळा विचारलं. मी चार वेळा "ऐकलं" म्हणालो.

आणि सकाळी — इथं मी थांबतो. मनात उजळणी करतानाही थांबतो.

सकाळी बघतो तर डाव्या पुढच्या चाकाच्या तारांवर ग्रीस ओघळलेलं. मी ते चाक काढलं. मिस्त्रींना बोलावलं नाही, स्वतःच काढलं. तारा पुसल्या, चाक चढवलं, नट हातानं फिरवत बसवला, हातोडी उचलली. नव्या क्रोमवर तांब्याचे डाग पडतात. मिस्त्रींनी कालच दोन पाडले होते आणि मला ते झोंबले होते. मी नटावर टॉवेलची घडी ठेवली आणि वरून हलकेच दोन-तीन ठोके दिले. आवाज? टॉवेलमधून कसला आवाज येतोय. मला तो ऐकायचाच नव्हता. माकणीला माझे साडू त्यांची नवी मोठी गाडी घेऊन येणार होते, आणि माझा नट त्यांच्यासमोर चमकायला हवा होता. एवढंच होतं ते.

माकणीच्या अलीकडं उतारावर मी ब्रेक दाबला आणि आमचं डावं चाक आमच्या पुढं पळत गेलं. मी ते बघितलं. क्षणभर कळलंच नाही की हे आपलं आहे. मग गाडी डाव्या अंगावर बसली, फरफटली आणि चारीत गेली. मला खरचटलंही नाही. सुमन बाहेर फेकली गेली आणि तिचा खांदा मोडला. तिचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा घालायला तिला मान गुडघ्यापर्यंत वाकवावी लागते, आणि हे मी रोज सकाळी बघतो.

शेतातली माणसं धावत आली. त्यांतल्या कुणीतरी विचारलं, "चाक कुणी बसवलं व्हतं हो?"

मी म्हणालो, "करीम मिस्त्रींनी. कालच."

बघा — यातला एक शब्दही खोटा नाही. मी किती वर्षं याच्यावर काढली असतील? खोटं तर बोललो नाही ना, असं स्वतःला म्हणत.

आठवडाभरात बातमी मुरूमभर झाली. मिस्त्रीचं आता ध्यान राहत न्हाय, वय झालं. ट्रॅक्टरवाले दुसरीकडं जायला लागले. सुमन तर त्यांचं नाव काढलं तरी तोंड फिरवायची. आणि एक दिवस मिस्त्री स्वतः घरी आले, तिच्यासाठी डाळिंबं घेऊन. खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्याजवळ उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील माझी चूक नाही. तसं काही म्हणालेच नाहीत.

"डॉक्टरसाब, डाव्या चाकाला म्या इचारलं व्हतं का, ऐकलं का म्हून? मला चार बार इचारल्यागत वाटतंय. पन तीनच बार इचारलं असंल तर? तुमी तिथंच व्हता. तुमाला याद हाय का?"

त्यांना माफी नको होती, बाजू मांडायची नव्हती. त्यांना फक्त स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवायचा की नाही, एवढंच माझ्याकडून हवं होतं. आणि ते फक्त मीच देऊ शकत होतो. दुसरं कुणीच नव्हतं तिथं.

मी म्हणालो, "आठवत नाही, चाचा."

सुमन आतल्या खोलीत होती, ऐकत होती. म्हणून म्हणालो का? नाही. ती घरात नसती तरी हेच म्हणालो असतो.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मलाही हिच्यावरच थांबायचं होतं.

महिन्याभरानं त्यांचा मुलगा सलीम आला. चाळिशीचा, बापाबरोबरच काम करणारा. म्हणाला, अब्बा सारखे घाबरून असतात, एक बोल्ट पाच पाच वेळा बघतात. धाराशिवला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवलं, ते म्हणाले काही झालेलं नाही. "पन तुमी त्यांना जवळून बघितलंय. तुमी सांगाल तसं करतो. अब्बांना काम करू द्यावं का?"

मी म्हशींचा डॉक्टर. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "वय झालंय सलीम. गाड्यांना हात लावू देऊ नको आता. कुणाचा तरी जीव जाईल."

का म्हणालो? कारण मिस्त्री कामावर राहिले असते आणि त्यांच्या हातून पुन्हा काहीच चुकलं नसतं, तर कुणाला तरी शंका आली असती. हे मला नंतर कळलेलं नाही. बोलताना माहीत होतं.

सलीमनं पान्यांच्या पेटीची किल्ली स्वतःकडं घेतली. मिस्त्री गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले, हात मांडीखाली दाबून. मी गेलो की उठायचे. एकदा मला म्हणाले, नमाज पढताना किती रकात झाल्या याचीबी आता खात्री वाटत न्हाय, पुन्हा पहिल्यापासून पढतो. असे ते चार वर्षं जगले. चार वर्षांत मी त्या दारात किती वेळा गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी ते उठून उभे राहिले. परवाच्या हिवाळ्यात गेले. मी माती द्यायला गेलो होतो. लोकांनी मला पुढं जागा करून दिली, डॉक्टरसाब मिस्त्रींचे जिगरी दोस्त म्हणून.

गाडी मी विकलेली नाही. दुरुस्त करून घेतली, सलीमकडूनच. दर रविवारी काढतो. मागच्या रविवारीही काढायची होती, म्हणून शनिवारी सलीमनं चाकं बसवली, हात पुसले आणि म्हणाला, "बेफिकीर जावा डॉक्टरसाब. माझं अब्बासारखं न्हाय, मी इसरत नसतो."

मी म्हणालो, "माहीत आहे."

रविवारी सकाळी धरणापर्यंत जाऊन आलो. गाडी फार छान चालली.