मॅडमनी न पाहिलेला डोळा

पेशंटच्या पापणीची बाहेरची कड अंगठ्याने वर ओढायची आणि म्हणायचं, "खाली बघा. नाकाकडे. माझ्याकडे बघून काही मिळणार नाही." कर्वेनगरातल्या आमच्या डॉक्टर मॅडमचं स्वागत हे असं. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं नंबर लावायचं काम केलं आणि सगळा वेळ मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले.

हुशारीबद्दल वाद नाही. रांजणवाडी समजून लवंग उगाळून लावलेला डोळा त्या दारातच ओळखायच्या. मग भर दवाखान्यात घरच्यांची शोभा. "आपण एवढं जाणता, तर आलात कशाला?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं बरोबर असतं, म्हणूनच ती सहन होत नाहीत. एक आजोबा तर चष्म्याचा नंबर न घेताच उठून गेले.

मग माझीच उजवी पापणी बाहेरच्या बाजूने सुजली. ठणकायची. बोलणी खायची हौस नव्हती, म्हणून गरम फडक्याने शेकत राहिले. शेवटी एका पेशंटबाईंनीच मॅडमना सांगितलं, अहो, हिचा डोळा बघा की.

त्यांनी पापणी वर ओढली. अश्रू तयार करणारी ग्रंथी सुजली होती.

"किती दिवस अंगावर काढलंत?"

"तीन आठवडे. रोज सकाळी तुमच्यासमोरच उभी असते, मॅडम."

एवढं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहिली. दहा दिवसांत उतार पडेना, तेव्हा स्कॅन झाला. कॅन्सरची गाठ तर नाही, हे बघायला ग्रंथीचा तुकडा तपासणीला गेला. रिपोर्ट येईपर्यंत या बाईने धीराचा एक शब्द काढला नाही. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "नुसती सूज आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या देते. मनाने बंद करू नका." दोन महिन्यांत सूज उतरली. राग तसाच राहिला.

यंदा मार्चमध्ये मॅडम हृदयविकाराने गेल्या. त्यांच्या भावाने दवाखान्यातले कागद आवरायला मला बोलावलं. त्यात माझा केसपेपर निघाला. सगळं इंग्रजीत, आणि तारखेखाली त्यांच्याच अक्षरात एक मराठी ओळ: "तीन आठवडे. रोज समोर होती. मी बघितलं नाही."

हे तोंडाने म्हणायला काय झालं होतं, असं मी त्यांच्या खुर्चीला मोठ्याने विचारलं. मग आणखीही बरंच बोलले. भाऊ दारात येऊन उभे राहिले, तरी मला थांबता येईना.