शेवटची फेरी, खरंच

“शेवटची फेरी!” मी ओरडले. मागून जोर यायला हवा होता. आला नाही.

टँडम म्हणजे दोघांची सायकल. पुढे डोळस पायलट, म्हणजे मी. मागे अंध सायकलपटू, म्हणजे सुनंदा. दोघींचे पेडल एकमेकांना साखळीनं जोडलेले, त्यामुळे मागचीनं जीव राखून पाय मारला की पुढचीला लगेच कळतं. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि मध्येच पाय थांबवायचीही सोय नसते. जे बिनसलं ते घेऊन रेषेपर्यंत जायचं.

पात्रतेची वेळ दीड सेकंदानं हुकली. निवड चाचणीत दोन संधी होत्या, त्यातली एक गेली. दुसरीही गेली असती तर सुनंदाची राष्ट्रीय स्पर्धा गेली असती आणि संघटनेची उसनी टँडम दुसऱ्या जोडीकडे. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती.

“काय झालं गं?” कोच सरांनी विचारलं.

सुनंदा दौलताबादची, शहरात टेलिफोन ऑपरेटर. मनात ठेवणाऱ्यांतली नव्हे.

“सर, बिडकीनला ताई रोज म्हणायच्या, झालं, दोनशे मीटरच राह्यलं. अन् मंग लई उरायचं. मला वाटलं आजबी तसंच.”

खरं होतं. ते दुष्काळाचं वर्ष. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती आणि शहरातले रस्ते गळक्या टँकरनी ओले. त्यावर टँडम नेणं म्हणजे हात-पाय मोडून घेणं. म्हणून आम्ही सरावाला बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीत जायचो. तिथं रुंद सिमेंटचे रस्ते तयार होते, कारखाने यायचे होते. सुनंदाला धीर यावा म्हणून मी अंतर बिनधास्त कमी करून सांगायचे. त्यात मला मोठी हुशारी वाटायची. आता सरांसमोर मान वर होईना.

“सॉरी गं,” मी म्हणाले.

“सॉरी राहू द्या. संध्याकाळी मीच मोजते. वळणावर ट्रॅक तिरपा होतो, ते अंगाला कळतं. नऊ फेऱ्या, अठरा वळणं. तुम्ही निस्तं पुढं बघा.”

सर हसले. “पायलट, ऐकलंत का?”

संध्याकाळी मी तोंड बंद ठेवून सायकल हाकली. सातव्या फेरीला घाम डोळ्यांत गेला आणि उरलेल्या फेऱ्यांची पाटी मला दिसलीच नाही. थोड्या वेळानं मागून आवाज आला, “शेवटची, ताई!”

माझ्या हिशोबानं अजून दोन होत्या. क्षणभर वाटलं, ही सकाळचं उट्टं काढतेय. पण पेडल असे काही फिरायला लागले, की वाद घालायला सवडच नव्हती. मीही होतं नव्हतं ते ओतलं. रेषा ओलांडली आणि शिट्टी वाजली. अर्ध्या सेकंदानं आम्ही पात्र ठरलो होतो. थांबल्यावर मी हँडलवर डोकं ठेवून खुशाल रडले.

“तुम्हाला खरं वाटलं नव्हतं ना?” सुनंदा मागून म्हणाली. “कळलं मला, पायातनं.”

टँडम आमच्याकडेच राहिली. त्यानंतर मी एका मीटरचीही लबाडी केली नाही. तरी पुढचे सहा महिने बिडकीनच्या रस्त्यावर मी कुठलाही आकडा सांगितला की मागून प्रश्न यायचा, “नक्की?”

खोटा धीर द्यायला एक वाक्य पुरतं. ते निस्तरायला मला सहा महिने लागले, आणि तेही रोज पहाटे पाचला उठून.