एकोणीस जणी गोदामात

"कापड पाहिजे? हे काय तुझं माहेर आहे?"

हजेरीच्या रांगेत तुरुंगाचा साहेब सगळ्यांसमोर असं म्हणाला. शिपाई हसले. माझी पाळी आली होती, लुगडं मागून भिजलं होतं. हजेरी संपेपर्यंत तशीच उभी राहिले. मान खाली घालून.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी सोलापुरात विड्या वळायची. बाळंतपणाच्या रजेसाठी आम्ही बायका कारखान्याच्या दारात बसलो आणि पोलिसांनी उचललं. तुरुंगात बायकांना एकच खोली. बारा जणींची. आत आम्ही एकतीस. कूस बदलायची तर शेजारणीला उठवावं लागे. कोपऱ्यात संडासाची एक बादली. तिला झाकणसुद्धा नाही.

माझ्या शेजारी चंद्रव्वा. अक्कलकोटकडची म्हातारी, दम्यानं बेजार. जामीन राहायला कुणी नाही, म्हणून खटला न चालताच तीन वर्षं आत.

एकदा जज्ज तपासणीला येणार होते. भिंतींना चुना लागला. सकाळीच एकोणीस जणींना मागच्या गोदामात कोंडलं. त्यांत चंद्रव्वाही. आम्हा बारा जणींना नव्या चटया दिल्या. तोंड उघडाल तर भेट बंद, असं साहेबानं बजावलं. माझी आय दर रविवारी मोडनिंबहून भेटीला यायची.

जज्ज आले. काही तक्रार आहे का, विचारलं. गोदामात चंद्रव्वा खोकत असेल, एवढंच माझ्या डोक्यात. मी पुढं झाले.

"साहेब, आमी एकतीस जणी हाय. बाकीच्या मागं गोदामात हायत. कुलूप काढायला सांगा."

बाई डोक्यानं अधू आहे, असं तुरुंगाचा साहेब म्हणाला. मग मी नावं घ्यायला लागले. एकोणीसच्या एकोणीस.

कुलूप निघालं. बायका डोळे चोळत बाहेर आल्या. चंद्रव्वाला दोघींनी धरून आणलं.

महिन्याभरात दुसरी खोली उघडली. कापड मिळायला लागलं. माझी भेट मात्र बंद झाली. आय दोनदा दारातून परत गेली. चंद्रव्वा जामीन मिळायच्या आधीच आत वारली.

सुटताना साहेब म्हणाला, "पुन्हा इकडं दिसू नको."

"दिसनार की. दर म्हैन्याला यीन. आत किती जणी हायत, इचारीन."

आजही जाते. आकडा सांगितल्याबिगर दारातून हलत नाही.