कविताचा डावा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला सांगते. निदान तुम्ही मध्येच उठून चहा ठेवायला जाणार नाही.

मी आमच्या वऱ्हाडी मालेगावला इंग्रजी शिकवते. बरी शिकवते, असं लोक म्हणतात. पण एक धडा — ‘टू बी’ लावून क्रियापदाचं तिसरं रूप — मी कित्येक वर्षं नुसता घोकून घेतला. टू बी डन, टू बी गिव्हन, टू बी सेंट. सगळा वर्ग सुरात म्हणायचा आणि बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना वाटायचं, काय शिकवतात बाई! अर्थ विचारला की माझी गाडी अडायची. ‘मला निवडलं जावंसं वाटतं’ — आपण घरी असं कधी बोलतो का? माझ्याच बोलण्यात ते रुळलेलं नव्हतं, मुलांच्या कुठून रुळणार?

शाळा तपासणीला अधिकारी येणार असले की मी एक युक्ती करायची. तुमच्याही शाळेत असेल कदाचित. उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा. हात मात्र सगळ्यांनी वर करायचे. वर्ग कसा हुशार दिसतो! मी उजव्या हातवाल्यांनाच उभं करायची.

कविता धनज गावाहून मामाकडे शिकायला आलेली. तिचा हात कायम डावा — पण भाबडेपणानं सगळ्यांत उंच.

एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, मुलांना मीच विचारतो. आणि त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं. ‘टू बी’ वापरून स्वतःचं एक वाक्य सांग. ती डावा हात खाली घेऊन उभी राहिली.

“येत नाही, तर हात का वर केलास?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला तिला कितीसे शब्द लागले असते? तिनं ते उच्चारले नाहीत. मला वाचवलं. आणि मी — मी काय केलं? मी हसून म्हणाले, “सर, हिला सवयच आहे. काही येत नसलं तरी पुढंपुढं करते.”

वर्ग हसला. ज्यांचे डावे हात वर होते तेही हसले. कविता खाली बसली.

त्यानंतर तिनं कुठलाच हात वर केला नाही. दहावीला इंग्रजीत अडकली आणि शाळा सुटली. मी तिला एकदाही जवळ बोलावलं नाही. भीती वाटायची. कशाची? ती काही विचारेल याची.

मागच्या उन्हाळ्यात बसस्टँडजवळ तिचं शिवणाचं दुकान दिसलं. निमित्त म्हणून ब्लाउजचं कापड घेऊन गेले. ते पिशवीतच राहिलं. सगळं बोलून टाकलं. चूक माझी होती, तुझी नव्हती, असं एकदाचं म्हणाले. तिनं मशीन थांबवली.

“मॅडम, मले तं वाटे मीच ढ आहो. एवढे वर्ष.”

मला रडू आलं. तिला आलं नाही.

“थे राहू द्या,” ती म्हणाली. “थो धडा शिकवता का? पोरगी विचारते, तं मले सांगता येत नाई.”

आता रविवारी मी दुकानात जाते. घोकंपट्टी नाही. तिच्याच कामातली वाक्यं घेतो — कोणतं कापड कापायचंय, कोणतं उद्या द्यायचंय. शिकवता शिकवता तो धडा मलाही आता कुठे कळायला लागलाय. मी तेव्हा बोलले ते यामुळे पुसलं जात नाही. तिची गेलेली वर्षं माझ्याच खात्यावर आहेत.

परवा ‘धिस इज टू बी स्टिच्ड’ समजावत होते. माझी गाडी जोरात. तिनं कात्री खाली ठेवली आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं म्हणाली, “थांबा मॅडम, मले नाई समजलं. एकडाव अजून सांगा.”

मी अजून एकदा सांगितलं.