समोरून नडगी, मागून पोटरी

१९५६ सालचा रविवार, पोळ्यानंतरचा. स्थळ कारंजा, आमची ओसरी. हजर: प्राथमिक शाळेत गुरुजी असलेले माझे बाबा, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, बाबांच्या पायजम्याचं माप घ्यायला आलेले टेलर मास्तर, आणि वही घेऊन मी, वर्ग दहावा.

आत्या नवरा गेल्यापासून आमच्याकडे राहायची आणि गल्लीतल्या पोरांची झबली हातानं शिवायची. मासिकातल्या शब्दकोड्याला शिवणयंत्राचं बक्षीस होतं. चार वाजताच्या मोटारीनं टपाल जायचं. कोडं सगळं सुटलं होतं, एक सोडून: 'गुडघ्याच्या खाली, घोट्याच्या वर.' तीन घरं, आणि त्यांना छेदणारा दुसरा शब्द नाही.

"पोटरी," बाबा म्हणाले. आत्यानं शाईनं लिहूनही टाकलं.

मास्तर बाबांसमोर उकिडवे बसले होते. उजव्या पायाचं माप मला सांगून झालं होतं. त्यांनी टेप तशीच गुडघ्याखाली धरली. "गुरुजी, माह्या हाताले काय लागून राह्यलं? हाड. नडगी."

"मागून हात लाव, मंग सांग."

"मागून माप घेत नाही मी. गिऱ्हाइकाच्या मागं जाऊन बसलो तं लोक काय म्हन्तीन?"

"नडगीले मास नाही. कोडंवाले ते कायले इचारतीन?"

"पोटरी समोरून दिसत नाही. ते तरी कायले इचारतीन?"

आत्यानं दोघांकडे पाहिलं. मग तिनं निकाल दिला, "मशीन देनारे शिंप्याच्याच जातकुळीतले असतीन. ते समोरूनच पायतीन. नडगी."

बाबांच्या दाढीच्या पात्यानं तिनं 'पोटरी' खरवडली. घरांच्या जागी भोक पडलं. खाली नियम छापला होता: खाडाखोड केलेली प्रवेशिका बाद.

"खाडाखोड कुठं आहे?" आत्या म्हणाली. "भोक आहे."

तिनं सुईत पांढरा दोरा ओवला आणि कागदाला रफू केलं. टाके इतके बारीक की मास्तर टेप गळ्यात टाकून बघतच राहिले. रफूवर तिनं 'नडगी' लिहिलं. शाई दोऱ्यातून पसरली आणि शेजारच्या घरातही थोडी नडगी गेली. पाकीट घेऊन मास्तर स्वतः स्टँडवर पळाले. डाव्या पायाचं माप राहिलं.

पुढच्या अंकात उत्तर छापून आलं: पोटरी. बाबांनी तो अंक आठवडाभर खुंटीला टांगून ठेवला. आत्यानं झबल्यांचं गाठोडं पुन्हा सोडलं.

रविवारी मास्तर आले ते डोक्यावर जुनं हातानं फिरवायचं शिवणयंत्र घेऊन. "दुकानात धूळ खाऊन राह्यलं होतं, बाई. तुमी चालवा. काज-तुरपाईचं काम मी धाडतो. असं रफू मले नाही जमत."

"आन् उत्तर?" आत्यानं विचारलं.

"उत्तर माहं बरोबरच होतं. समोरून."

यंत्रावर पहिला पायजमा बाबांचा, असं ठरलं. पण बाबा म्हणाले, डाव्या पायाचं माप मास्तरांनी मागून घ्यावं. मास्तर म्हणाले, समोरून. आत्या म्हणाली, एका पायावरून दुसरा कापायचा नसतो, आणि तेही खरंच होतं. बाबा फळ्यापुढे उभे राहायचे ते नेहमी एकाच पायावर भार देऊन, त्यामुळे दोन्ही पाय सारखे नव्हते.

कापड अजून ट्रंकेत आहे. वहीत उजव्या पायाचे आकडे आहेत. डाव्या पायाचं माप घ्यायचं आहे.