सोजरबाईच्या आईचा उजवा डोळा

आमच्या वऱ्हाडी मालेगावच्या मोईनला माणसं जिवंतपणी फारशी भेटत नाहीत. गेल्यावर त्यांचे फोटो येतात. कुणाचा पाण्याने फुगलेला, कुणाचा लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. त्याच्या स्टुडिओत मी रोज फुकटचा पेपर वाचायला टेकतो, म्हणून हे सगळं मला माहीत. जन्मभर बंडीत वावरलेल्या माणसाला मोईन कॉम्प्युटरवर कोट घालतो, उन्हात रापलेल्या बायांना गोरं करतो आणि मागे निळं आभाळ लावतो. लोकांना तसंच लागतं.

हल्ली तो थकलाय. मान धरते, डोळ्यांतून पाणी येतं. साधे फोटो आता लोक मोबाइलवरच साफ करून घेतात. याच्या वाट्याला येतात ते हाताबाहेर गेलेले.

"मेलेल्यायले नटवू नटवू जीव इटला बाप्पा," असं तो परवाच म्हणाला.

सोजरबाईने आणलेला फोटो तसलाच होता. जवळच्या खेड्यातली साठीची शेतकरी बाई. तिच्या आईचा हा एकुलता एक फोटो, आणि आईच्या चेहऱ्याची उजवी बाजू वाळवीने पार खाल्लेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या पूजेत मांडायला तिला तो हवा होता.

"एवढाच हाये, भाऊ. आईचं तोंड आता मले नीट आठवत नाई," ती म्हणाली.

मोईनने नेहमीचीच युक्ती केली. चेहऱ्याची चांगली डावी बाजू उचलली, उलटी केली आणि उजवीकडे जोडली. कुंकू सरळ केलं, सुरकुत्या पुसल्या. "झकास!" मीही म्हणालो.

ठरल्या दिवशी सोजरबाई आली, कॉम्प्युटरजवळच्या स्टुलावर बसली आणि बघतच राहिली.

"हे कोन हाये?"

"काहून मावशी? तुमची आईच हाये."

"नाई. माह्या आईचा उजवा डोया पांढरा होता. लहानपनी देवी आल्या, तवा गेला."

मोईनने कपाळावर हात मारला. "मंग पयले सांगितलं काहून नाई?"

"साऱ्या गावाले माईत होतं. सांगाचं ध्यानातच नाई आलं."

मला रागच आला. धडधाकट डोळा कुणी आंधळा करून मागतं का? "बाई, पूजेतला फोटो हाये, राहू द्या दोनी डोये," मी म्हणालो. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मोईनने मान चोळली आणि माऊस हातात घेतला.

"कसा पांढरा होता मावशी?"

"पातळ ताकावानी. अन् पापनी जराशी पडलेली."

आजवर त्याने लोकांच्या चेहऱ्यांवरचे डागच काढले होते. आता जपून जपून एक डाग बसवत होता. पुसलेल्या सुरकुत्याही त्याने परत आणल्या. कंटाळलेला होताच, पण घाई केली नाही.

"असा होता?" त्याने विचारलं.

सोजरबाई पदर सावरत उठली, मोईनच्या पाठीमागून स्क्रीनच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथे उभी राहिली.

"काय झालं, मावशी?"

"तिकून तिले मी दिसत नाई," सोजरबाई म्हणाली. "आमी लेकरं इकूनच जात होतो तिच्यापाशी."

मोईनने तिचं स्टूल उचललं आणि त्या बाजूला नेऊन ठेवलं.